वास्तुविशारदाचे चरित्र कागदांवरून कसे जुळवावे

पुण्यातल्या जुन्या इमारतींबद्दल ऐकीव माहिती मिळवायला कधीच अडचण पडत नाही. त्या माहितीचा कागद मागितला की अडचणीला सुरुवात होते. अमुक बंगला अमुक साहेबाने बांधला, तमुक घुमट मुंबईच्या म्युझियमच्याच माणसाचा, अशी वाक्ये तोंडोतोंडी चालत येतात, वारसा-फेरीत सांगितली जातात आणि शेवटी एखाद्या स्मरणिकेत छापली गेली की त्यांना पुराव्याचा दर्जा मिळतो. ज्याला विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या एखाद्या वास्तुविशारदाचे आयुष्य आणि कारकीर्द नीट मांडायची आहे, त्याने सुरुवातीलाच एक गोष्ट गाठीशी बांधावी. इमारत एक असली तरी तिचे कर्ते अनेक असतात आणि तिची सालेही अनेक असतात. कोणता माणूस कोणत्या सालाशी कोणत्या नात्याने जोडलेला आहे, हे सोडवून दाखवणे हेच चरित्रकाराचे निम्म्याहून अधिक काम आहे.

मंडईचेच उदाहरण घ्यावे. आज महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाणारी, पूर्वीची रे मार्केट ही इमारत १८८६ साली खुली झाली. तिला नाव मिळाले गव्हर्नर लॉर्ड रे यांचे, आराखडा होता कर्नल फिंच यांचा, आणि प्रत्यक्ष बांधकाम केले ते वासुदेव बापूजी कानिटकर या कंत्राटदारांनी. तेव्हा मंडई कोणी बांधली या साध्या प्रश्नाला एकाहून अधिक उत्तरे आहेत आणि ती सगळी खरी आहेत. पुढच्या शतकात ही यादी लांबतच जाते. सार्वजनिक बांधकाम खात्याचा एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर, कामावरचा ओव्हरसियर, कार्यालयात बसून नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन, आणि ज्यांची नावे हजेरीपटाबाहेर सहसा येत नाहीत असे पाथरवट, गवंडी व सुतार, हे सगळे एका इमारतीत असतात. त्यात आर्किटेक्ट ही उपाधी आपल्याकडे कायद्याच्या चौकटीत आली ती १९७२च्या वास्तुविशारद अधिनियमाने. त्याआधी ती कोणीही लावू शकत असे. पुण्यात तर १८५४ साली सुरू झालेल्या शाळेतून पुढे उभे राहिलेले इंजिनिअरिंग कॉलेज हाताशी असल्याने कितीतरी वाडे, शाळा आणि बंगले यांचे नकाशे स्थापत्य अभियंत्यांनी केले. नावापुढे एल.सी.ई. ही अक्षरे दिसली, तर तो माणूस त्या काळचा स्थापत्य पदवीधर आहे असे समजावे आणि त्याला आपल्या मनाने वास्तुविशारद करून टाकू नये.

आधी पदाचा तक्ता, मग इमारतींचा

बहुतेक हौशी अभ्यासक इमारतींच्या यादीपासून सुरुवात करतात. त्यापेक्षा माणूस कोणत्या वर्षी कोणत्या खुर्चीवर होता याचा तक्ता आधी करावा, कारण इमारतींवरची साले फसवी असतात आणि पदावरच्या नेमणुका त्या मानाने भरवशाच्या असतात. हे कसे करायचे ते मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या कारकिर्दीवरून चांगले समजते. त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, त्यांच्या इमारती उभ्या आहेत, आणि तरीही नुसत्या पाट्यांवर विसंबून त्यांचे चरित्र लिहायला बसले तर ते चुकीचे होईल.

विटेट यांचा जन्म १८७८ साली स्कॉटलंडमधल्या ब्लेअर अ‍ॅथॉल येथे झाला. पर्थ येथील हीटन यांच्याकडे त्यांनी उमेदवारी केली, एडिंबरा आणि यॉर्क येथे काम केले, आणि १९०४ साली ते मुंबईत आले ते सरकारचे सल्लागार वास्तुविशारद जॉन बेग यांचे सहायक म्हणून. पुढे बेग भारत सरकारच्या सेवेत गेले आणि मुंबई इलाख्याचे सल्लागार वास्तुविशारद हे पद विटेट यांच्याकडे आले. १९१७ साली मुंबईत वास्तुकलेच्या माजी विद्यार्थ्यांची जी संघटना निघाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. तीच संघटना नावे बदलत १९२९ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. १९१९ साली त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि ते टाटांच्या बांधकाम व्यवसायात गेले. १९२६ साली मुंबईतच आमांशाने त्यांचे निधन झाले आणि शिवडीच्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. इतका तक्ता कागदाच्या एका पानावर मावतो. मात्र तो भिंतीवर टांगून मगच इमारतींकडे वळावे.

आता मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, या तक्त्याशेजारी ठेवून पाहू. त्याची कोनशिला नोव्हेंबर १९०५ मध्ये युवराजांच्या हस्ते बसली. पण विटेट यांचा आराखडा स्पर्धेतून निवडला गेला तो १९०९ साली; म्हणजे समारंभ झाला तेव्हा पुढे जी इमारत उभी राहिली तिचा नकाशा अस्तित्वातच नव्हता. बांधकाम १९१४ साली पुरे झाले. तेवढ्यात महायुद्ध सुरू झाले, इमारत लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली, आणि संग्रहालय म्हणून तिचे दार उघडले ते १९२२ च्या जानेवारीत, गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या पत्नीच्या हस्ते. हे तेच लॉईड, ज्यांच्या नावाने पुण्याचा नवा पूल बांधला गेला. १९०५, १९०९, १९१४ आणि १९२२ ही चारही साले वेगवेगळ्या छापील मजकुरांत या इमारतीचे साल म्हणून आढळतात. त्यातले वास्तुविशारदाच्या कारकिर्दीचे साल १९०९ ते १९१४. बाकीची दोन राजकारणाची आणि समारंभाची.

गेटवे ऑफ इंडियाचे प्रकरण याहून नामी आहे. त्याच्या माथ्यावरच्या लेखात २ डिसेंबर १९११ ही तारीख आहे. ती बादशहा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या आगमनाची; त्या दिवशी अपोलो बंदरावर आजची कमान नव्हती. पाया घातला गेला ३१ मार्च १९१३ रोजी, आराखड्याला मंजुरी मिळाली १९१४ साली, आणि उद्घाटन झाले ४ डिसेंबर १९२४ रोजी. म्हणजे विटेट यांनी आराखडा केला तो सरकारी अधिकारी म्हणून, आणि कमान खुली झाली तेव्हा त्यांनी सरकारी नोकरी सोडून पाच वर्षे होत आली होती. नुसते १९२४ साल धरून कोणी 'टाटांकडे असताना त्यांनी गेटवे उभारला' असे लिहिले, तर वाक्य तारखेच्या हिशोबाने बरोबर वाटेल आणि अर्थाने साफ चूक ठरेल. याउलट त्याच १९२४ सालचे बॉम्बे हाउस, टाटांचे मुख्यालय, हे खरोखरच त्यांच्या खासगी व्यवसायातल्या काळातले काम आहे. दोन इमारतींवर एकच साल असून त्या कारकिर्दीच्या दोन निराळ्या प्रकरणांत जातात. म्हणून प्रत्येक इमारतीसाठी किमान चार रकाने आखावेत: आराखड्याची मंजुरी, कामाचा आरंभ, काम पुरे होणे आणि उद्घाटन. जो रकाना भरता येत नाही तो कोरा ठेवावा. शेजारच्या रकान्यातले साल तिथे सरकवू नये.

शैलीवरून कर्ता ओळखण्याचा मोह सर्वांत घातक, आणि पुण्यात तो फार बळावलेला आहे. विजापुरी वळणाचा घुमट दिसला की विटेट, टोकदार कमान दिसली की आणखी कोणी, असे होते. विटेट यांच्या म्युझियमचा घुमट विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देतो हे खरे. गेटवेची जडणघडण सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या वास्तूंकडे पाहते हेही खरे. पण बॅलार्ड इस्टेटमधल्या इमारती आणि काळा घोड्याजवळची विज्ञान संस्था पाहिली तर हाच माणूस पूर्ण युरोपीय वळणाचेही काम करत होता हे दिसते. शिवाय सल्लागार वास्तुविशारदाच्या कार्यालयातून निघालेल्या कमानी आणि सज्जे जिल्ह्याजिल्ह्यांतले अभियंते पाहत होते आणि उतरवून घेत होते. शैलीवरून फार तर संशय घ्यावा. निकाल देऊ नये.

इमारतीपाशी काय पाहावे

दप्तरखान्यात जाण्याआधी इमारत निवांत पाहून घ्यावी, आणि दोनदा पाहावी: एकदा सकाळी आणि एकदा ऊन तिरपे झाल्यावर. कोनशिलेवर ऑइलपेंटचे थर चढलेले असतात किंवा तिच्यावर सूचनाफलक ठोकलेला असतो. अक्षरे वाचण्यासाठी त्यांत खडू घासू नये, छिन्नीने रंग खरवडू नये. विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने प्रकाश टाकला की खोदीव अक्षरांच्या सावल्या उठतात आणि छायाचित्रात ती वाचता येतात. जिन्याखाली, तळघरात आणि गच्चीला आधार देणाऱ्या लोखंडी तुळयांवर पाहावे. विलायतेहून आलेल्या तुळयांवर कारखान्याचे नाव, उदाहरणार्थ डॉर्मन लाँग, उठवलेले असते आणि त्यावरून काळाचा ढोबळ अंदाज बांधता येतो. कौलांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. बासेल मिशनच्या मंगळुरी कौलांवर १८६५ हे साल दिसले, तर ते कारखाना सुरू झाल्याचे साल आहे. कौल त्यानंतर कितीही वर्षांनी घडलेले असू शकते, आणि कौले तर दुरुस्तीत बदलतही राहतात. एका खांबाचा दगड शेजारच्या खांबापेक्षा वेगळ्या टाकीचा दिसला, एका मजल्याच्या चौकटी खालच्या मजल्याशी जुळल्या नाहीत, तर तिथे नंतरची भर आहे असे टिपून ठेवावे, कारण कागदांत त्या भरीचा कर्ता वेगळा निघण्याचा संभव असतो.

मूळ नकाशा मिळाला तर त्याचा उजवा खालचा कोपरा आधी वाचावा. तिथे पदनाम आणि सही असते, तारीख असते, आणि नकाशा कोणी काढला, कोणी उतरवून घेतला, कोणी तपासला यांच्या नावांची आद्याक्षरे अगदी बारीक अक्षरांत असतात. मोठ्या सहीने मंजुरी कळते, आद्याक्षरांनी हात कळतो. एकाच कार्यालयाचे पाच-सहा नकाशे शेजारी शेजारी ठेवले की तीच दोन-तीन आद्याक्षरे पुन्हा पुन्हा भेटू लागतात, आणि ज्यांची नावे कुठल्याच पाटीवर नाहीत अशा मराठी ड्राफ्ट्समनांचा माग तिथून लागतो. माझ्या मते वास्तुविशारदाच्या चरित्रातला सर्वांत कमी लिहिला गेलेला आणि सर्वांत लिहिण्याजोगा भाग हाच आहे. नकाशा हाताळताना तो मेणकापडासारख्या ट्रेसिंगच्या कापडावर असेल तर पाण्याचा ओला हातही लावू नये. निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघा असलेली प्रत असेल तर ती उन्हात पसरून छायाचित्र काढू नये, कारण प्रकाशाने ती फिकट होते. अशा निळ्या प्रती अल्कधर्मी कागदात गुंडाळल्यानेही खराब होतात.

कागद कुठे शोधावेत

पुण्यातल्या पेशवे दप्तराची कीर्ती मोठी असल्याने नवा माणूस आधी तिकडे धाव घेतो. ते दप्तर मुख्यतः पेशवाईचे आणि मोडीचे आहे. विसाव्या शतकातल्या सरकारी बांधकामांसाठी ते पहिले ठिकाण नव्हे. मुंबई सरकारच्या बांधकाम खात्याचा पत्रव्यवहार पाहायचा तर मुंबईत, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात जावे लागते. तिथे काम खातेवार आणि वर्षवार चालते, म्हणून इमारतीचे नाव घेऊन जाण्यापेक्षा खाते आणि साल घेऊन जावे. वर तयार केलेला पदांचा तक्ता इथे उपयोगी पडतो. सरकारी वर्ष एप्रिल ते मार्च असे चाले, हे लक्षात ठेवले नाही तर १९१२-१३ च्या अहवालातले फेब्रुवारीचे काम चुकून १९१२च्या खात्यात जाते. नेमणुका, रजा आणि बढत्या सरकारी गॅझेटमध्ये छापल्या जात. पावसाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम पुण्यात असे, त्यामुळे त्या महिन्यांतल्या पत्रावर पुण्याचा पत्ता दिसला म्हणून अधिकाऱ्याचे घर किंवा काम पुण्यात होते असा अर्थ काढू नये.

पुण्यातल्या खासगी इमारतींचे दरवाजे निराळे आहेत. पेठांमधल्या घरासाठी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढावी. तिच्यावर वास्तुविशारदाचे नाव नसते, पण मालकीचा क्रम असतो, आणि नकाशा कोणाच्या नावाने मंजूर झाला असेल ते त्यावरून ठरवता येते. त्या नावानिशी महापालिकेच्या बांधकाम विभागात विचारणा करावी. महापालिका १९५० सालची. त्याआधीचे कागद नगरपालिकेच्या काळातले, म्हणून अर्जात दोन्हींचा उल्लेख करावा. लष्कर भागातल्या बंगल्यांना ही पद्धत लागू पडत नाही. तिथली जमीन लष्करी मालमत्तेच्या नोंदवहीत असते, आणि कॅन्टोन्मेंट बोर्ड व संरक्षण संपदा कार्यालय यांच्याकडे लेखी अर्ज करावा लागतो. उत्तर यायला वेळ लागतो. अर्जाची पोच मात्र त्याच दिवशी घ्यावी.

घरगुती कागदांचा विचार करताना १२ जुलै १९६१ ही तारीख विसरता येत नाही. पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांमधली कितीतरी कुटुंबांची कागदपत्रे वाहून गेली किंवा चिखलात गेली. म्हणून 'घरात काहीच नाही' असे उत्तर मिळाले तर ते टाळाटाळीचे समजू नये. अशा वेळी कंत्राटदाराच्या किंवा संस्थेच्या बाजूने शोध घ्यावा. शिक्षणसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि नियामक मंडळांची इतिवृत्ते यांत इमारत समितीचे ठराव असतात, आणि नकाशाची फी कोणाला किती दिली हेही असते. फीची नोंद हा कर्तृत्वाचा उत्तम पुरावा आहे, कारण पैसे देताना सहसा कोणी चुकीचे नाव लिहीत नाही.

वर्तमानपत्रांसाठी केसरी आणि ज्ञानप्रकाश ही दोन नावे पुरेशी आहेत. ज्ञानप्रकाश १८४९ साली निघाले आणि १९०४ पासून दैनिक झाले, त्यामुळे समारंभाच्या दुसऱ्याच दिवशीचा वृत्तांत तिथे सापडण्याची आशा अधिक. बातमीपेक्षा जाहिराती आधी चाळाव्यात: निविदा मागवणारी सूचना, चुन्याच्या भट्टीची जाहिरात, कंत्राटदाराने छापलेले आभार. उद्घाटनाच्या वृत्तांतात गव्हर्नराचे भाषण दोन रकाने असते आणि वास्तुविशारदाचे नाव शेवटच्या ओळीत, तेही कधी कधी. तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. अंक पाहण्यासाठी ग्रंथालयांत आधी चौकशी करून जावे, आणि भारत इतिहास संशोधक मंडळ, पुणे नगर वाचन मंदिर व विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय ही तिन्ही ठिकाणे वेगवेगळ्या दिवसांसाठी ठेवावीत.

शोध घेताना जुनी नावे बरोबर असावीत. शिवाजीनगर शोधणाऱ्याला भांबुर्डे माहीत हवे, शिवाजी पूल शोधणाऱ्याला लॉईड ब्रिज, बंडगार्डनचा पूल शोधणाऱ्याला फिट्झगेराल्ड ब्रिज. रोमन लिपीतली स्पेलिंगे तर त्याहून विचित्र असतात. एकाच ओव्हरसियरचे आडनाव तीन प्रकारे लिहिलेले आढळते, म्हणून नावाची सर्व रूपे एका कागदावर लिहून तो कागद सूचीशेजारी ठेवावा.

विलायतेहून आलेल्या वास्तुविशारदाची भारतात येण्यापूर्वीची वर्षे इथे बसून बऱ्यापैकी भरता येतात. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्समध्ये सदस्य होताना उमेदवाराला शिक्षण, उमेदवारी आणि केलेली कामे स्वतःच्या हाताने लिहून द्यावी लागत. स्कॉटिश वास्तुविशारदांचा जो विस्तृत कोश संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहे, त्यात अशा अर्जांवरून जुळवलेली चरित्रे आहेत. मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. उमेदवाराने स्वतः लिहून दिलेली कामांची यादी मात्र थोडी वाढवलेली असणारच असे धरून चालावे. नोकरीच्या अर्जाचा स्वभाव तेव्हाही आजच्यासारखाच होता.

लिहिताना

कर्तृत्वाचे शब्द तोलून वापरावेत आणि लेखभर तेच अर्थ पाळावेत. सहीचा नकाशा हाती असेल तर 'आराखडा यांचा' असे लिहावे. नकाशा कार्यालयाचा असून त्यावर दुसऱ्याची आद्याक्षरे असतील तर 'यांच्या कार्यालयात तयार झालेला'. पद आणि साल जुळते पण नकाशा नाही, अशा ठिकाणी 'यांच्या कार्यकाळात' एवढेच म्हणावे. मुंबईचे मुख्य टपाल कार्यालय हे इथे चांगले उदाहरण आहे: इमारत बेग यांची, विटेट तेव्हा त्यांचे सहायक. सहायकाच्या चरित्रात त्या इमारतीला जागा मिळावी, पण ती सहायकाच्या नात्यानेच.

खासगी आयुष्याबद्दल थोडे लिहून थांबावे. कर्त्याच्या मृत्यूला शंभर वर्षे होत आली असली तरी कंत्राटदारांचे आणि मिस्त्र्यांचे नातू-पणतू पुण्यात नांदत आहेत. त्यांच्याकडचा कागद छापायचा तर परवानगी लेखी घ्यावी आणि छापण्याआधी त्यांना मजकूर वाचायला द्यावा. मूळ कागद त्यांच्याकडून घेऊन घरी ठेवू नये. तिथेच छायाचित्र काढावे, आणि छायाचित्राच्या नावात तारीख, ठिकाण आणि कागदाचा क्रमांक घालावा, म्हणजे पुढे कोणी तोच कागद पुन्हा पाहायला गेला तर त्याला तो सापडेल.

मृत्यूनंतर पुऱ्या झालेल्या किंवा मृत्यूच्या सुमारास खुल्या झालेल्या इमारतींसाठी चरित्राच्या शेवटी वेगळे परिशिष्ट करावे. परळचे के.ई.एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले आणि विटेट त्याच वर्षी गेले. अशा कामात आराखडा कोणाचा, शेवटची देखरेख कोणाची आणि नंतरचे फेरफार कोणाचे, हे प्रत्येक वेळी नव्याने तपासावे लागते, आणि ती तपासणी पुरी होईपर्यंत ती नोंद मुख्य यादीत घेऊ नये.